सिस्टर बदलल्या की शाळा बदलते

नाताळची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की आमच्या भागातल्या घराघरांतून एक चर्चा हमखास सुरू होते. धाकट्याला यंदा कुठं घालायचं? गल्लीतल्या मराठी शाळेचा पट दरवर्षी घटतोय. कन्नड शाळा जवळ आहे, शिक्षकही चांगले आहेत, पण घरात एकमत होत नाही. मोठ्या इंग्रजी शाळेची फी आणि वर व्हॅनचं भाडं ऐकलं की धडकी भरते. मग कुणीतरी चर्चच्या आवारातल्या त्या लहानशा कॉन्व्हेंटचं नाव काढतं. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, वर्गात २५-३० मुलं, छोटंसं मैदान, कोपऱ्यात मेरीमातेचा पुतळा आणि सकाळी फाटकाशी उभी राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारणारी सिस्टर. मराठी आत्या विचारते, ‘‘शाळा कशी आहे हो ती?’’ कन्नड अज्जी विचारते, ‘‘सालि ह्यांग ऐती?’’ प्रश्न एकच, पण चार घरी विचारलं की चार तऱ्हेची उत्तरं येतात आणि विचारणारा अधिकच गोंधळतो.

एक बाई सांगतात, ‘‘आमच्या पोराला त्या सिस्टरांनीच माणसात आणलं. डोळे झाकून घाला.’’ दोन घरं सोडून राहणाऱ्या दुसऱ्या बाई म्हणतात, ‘‘चुकूनही घालू नका. आमची पोर तीन वर्षं रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून रडायची.’’ शाळा तीच. ऐकणाऱ्याला वाटतं, यातलं कुणीतरी वाढवून सांगतंय.

वाचकहो, मला तसं वाटत नाही. मी पीयू कॉलेजात इतिहास शिकवते. दहावी करून अशा शाळांतून आलेली मुलं दरवर्षी माझ्या वर्गात बसतात आणि त्यांचे आईवडील प्रवेशाच्या वेळी मोकळेपणाने बोलतात. ऐकून ऐकून माझं मत असं झालं आहे, की दोन्ही उत्तरं बहुधा खरी असतात. फक्त ती दोन वेगवेगळ्या काळांतल्या शाळांबद्दल असतात.

बेळगावच्या कॅम्पातल्या १८५६ सालच्या सेंट पॉल्ससारख्या जुन्या, मोठ्या शाळांबद्दल मी हे लिहीत नाही. त्यांच्या परंपरा ठरलेल्या, माजी विद्यार्थी हजारोंनी. एखादा माणूस आला काय नि गेला काय, तिथला गाडा चालत राहतो. मी बोलते आहे ती तालुक्याच्या गावातल्या, शहराच्या कडेच्या, दीडदोनशे-तीनशे मुलांच्या शाळेबद्दल.

एका घरातल्या दोन मुली

ओळखीचं एक कुटुंब आहे. वडील खानापूर भागातले मराठी, आई बैलहोंगलकडची कन्नड. दोन मुली, दोघींत सात वर्षांचं अंतर, दोघी एकाच कॉन्व्हेंटात शिकल्या. थोरली दुसरीत असताना फळ्यावरचं चुकीचं उतरवून घ्यायची. वर्गशिक्षिकेने तिला निष्काळजी ठरवलं होतं. मुख्याध्यापिका सिस्टर आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गात शिकवायला जात. त्यांनी मुलीला पुढच्या बाकावर बसवून पाहिलं, मागच्या बाकावर बसवून पाहिलं आणि वडिलांना बोलावून सांगितलं, ‘‘हिला अभ्यासाची नाही, चष्म्याची गरज आहे.’’ त्याच सिस्टरांनी पुढे वर्षभर शाळा सुटल्यावर अर्धा तास तिच्याकडून कन्नड लिहून घेतलं, शिकवणीचा एक पैसा न घेता. ऊस कारखान्याचं बिल थकलं त्या वर्षी फी तीन हप्त्यांत घेतली आणि घरी कुणाला कळूही दिलं नाही. ती मुलगी आज नर्स आहे.

धाकटी शाळेत गेली तोवर त्या सिस्टर बदलून गेल्या होत्या. नव्या मुख्याध्यापिका शिस्तीच्या. वर्गात मराठी किंवा कन्नड शब्द तोंडून निघाला की एक रुपया दंड. मुलगी मूळची बडबडी. दर आठवड्याला डायरीत लाल शेरा येऊ लागला, ‘टॉकेटिव्ह’. पालकसभेत चारचौघांसमोर तेच सांगितलं गेलं. सहावीपर्यंत मुलगी शाळेत बोलेनाशी झाली, मग घरीही. शेरे थांबले. प्रगतीपुस्तकात ‘वर्तनात सुधारणा’ असं आलं. आईने मला सांगितलं, ‘‘ते वाचून मला रडू आलं.’’

त्या मुलींचे वडील एकदा म्हणाले, ‘‘मॅडम, शिक्का तोच, युनिफॉर्म तोच, फाटकही तेच. पण मी दोन वेगळ्या शाळांची फी भरली.’’ लहान शाळेचं याहून अचूक वर्णन मी ऐकलेलं नाही.

एका माणसावर उभी शाळा

असं का होतं, ते या शाळा चालतात कशा यात आहे. आपण सगळ्यांनाच सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो, पण त्यांत दोन प्रकार आहेत. काही शाळा सिस्टरांच्या एखाद्या संघाच्या असतात, काही धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. धर्मप्रांताच्या शाळेत बहुधा तिथल्या चर्चचे फादर व्यवस्थापक असतात. संघाच्या शाळेत व्यवस्थापक आणि मुख्याध्यापिका, दोघी सिस्टरच, आणि लहान ठिकाणी पुष्कळदा दोन्ही कामं एकीकडेच. सिस्टरांनी आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं. संघाने सांगितलं की एका पेटीत सामान भरून दुसऱ्या गावी जायचं. तिथे पालकांची सही-मोहीम चालत नाही, मुलांचं रडणंही चालत नाही.

मोठ्या शाळेत मुख्याध्यापक कडक आला तरी सुपरवायझर असतात, जुने शिक्षक असतात, दुसरी तुकडी असते. कुठे ना कुठे मुलाला आडोसा मिळतो. इथे मुख्याध्यापिका इंग्रजी शिकवतात, फीची पावती फाडतात, बसवाल्याशी भांडतात, भांडण झालेल्या दोन मुलांना समोर बसवून मिटवतात. शाळा म्हणजेच त्या. माणूस चांगला असेल तर शाळा घरासारखी होते. माणूस वैतागलेला असेल तर शाळेत जायची सगळी वाट त्या एका वैतागातून जाते.

यात नव्या सिस्टरांची बाजूही पाहायला हवी. मंगळुराहून, केरळातून, गोव्यातून, कधी थेट झारखंडातून त्या येतात. मराठी येत नाही, इथलं रांगडं कन्नड समजत नाही. भाषा नसली की माणूस कडक होतो, कारण नियम सांगायला चार शब्द पुरतात, मुलाची समजूत काढायला भाषा लागते. एका शाळेतल्या सिस्टर शाळेच्या मावशींकडून मराठी शिकल्या. पहिल्या वर्षी मुलं त्यांच्या मराठीला हसायची, तिसऱ्या वर्षी आया त्यांच्याकडे सासरची गाऱ्हाणी घेऊन जाऊ लागल्या. तोवर त्यांच्या बदलीची वेळ झाली होती.

आणि ज्यांच्यावर शाळा खरोखर टिकते त्या बाहेरच्या शिक्षिका, म्हणजे आपल्याच गावातल्या बीएड झालेल्या मुली. विनाअनुदानित शाळेत पगार तुटपुंजा. लग्न ठरलं, सरकारी भरतीची यादी लागली की त्या जातात. मुलाला गणित समजावण्याची हातोटी जिला साधली तीच मार्चमध्ये निरोप घेते आणि जूनमध्ये नवी मुलगी पहिल्यापासून सुरुवात करते.

ओळख आणि शिक्का

लहान शाळेचा सगळ्यात मोठा गुण म्हणून पालक काय सांगतात? ‘‘तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात.’’ खरं आहे. मूल दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी घरी फोन येतो. बापाची नोकरी गेली, आजी वारली, हे शिक्षिकेला माहीत असतं. सातशे मुलांच्या शाळेत अबोल मूल हरवून जातं, इथे हरवत नाही. बोलताना अडखळणारी, एका कानाने कमी ऐकू येणारी, उशिरा वाचायला शिकणारी कितीतरी मुलं अशा शाळांनी दहावीपर्यंत आणून सोडल्याचं मी पाहिलं आहे.

पण सगळे ओळखतात याची दुसरी बाजू माझ्या एका विद्यार्थ्याने मला सांगितली. तिसरीत असताना त्याने बाजूच्या मुलाची कंपासपेटी दप्तरात टाकली. सापडला, शिक्षा झाली, संपलं. निदान संपायला हवं होतं. पण तुकडी एकच. चौथीत तीच मुलं, सातवीत तीच मुलं, शिक्षिकांच्या खोलीतही तीच चर्चा. वर्गात काहीही हरवलं की नजरा त्याच्याकडे वळायच्या. ‘‘मॅडम, मी आठ वर्षांचा असताना जे केलं, ते मी पंधरा वर्षांचा होईपर्यंत करत होतो,’’ असं तो म्हणाला. शेवटी दहावीला त्याने शाळा बदलली. नव्या शाळेत त्याला कुणी ओळखत नव्हतं, हीच त्याला मोठी सवलत वाटली.

मैत्रीचंही तसंच. वर्गात दहा-बारा मुली. त्यांतल्या आठ जणींचा गट झाला की उरलेल्या दोघींनी जायचं कुठं? मोठ्या शाळेतले अभ्यासाचे नि खेळाचे तोटे पालकांना दिसतात, लहान शाळेतला हा एकटेपणा प्रगतीपुस्तकात येत नाही.

‘त्यांची’ मुलं आणि ‘आमची’ मुलं

एक तक्रार दोन्हीकडून ऐकायला मिळते. हिंदू पालक कुजबुजतात की ख्रिस्ती मुलांना झुकतं माप मिळतं. आणि एक कॅथलिक गवंडी मला म्हणाला, ‘‘शाळेचा पाया माझ्या बापाने घातला, फुकटात. आता बाहेर गाड्यांची रांग लागते आणि माझा मुलगा मागच्या बाकावर.’’ या शाळा निघाल्या त्या गरीब कॅथलिक कुटुंबांच्या मुलांनाही शिकता यावं म्हणून. आज बहुतेक ठिकाणी पटावर जास्त मुलं इतर धर्मांची आहेत आणि शाळा चालते त्यांच्या फीवर. त्यामुळे सिस्टरांचीही ओढाताण होते. दोघांचीही समजूत अशी, की शाळा दुसऱ्याची आहे. दोघं एका पालकसभेत शेजारी बसून कधी बोलतच नाहीत.

धर्माच्या बाबतीत, खरं सांगायचं तर, सकाळच्या प्रार्थनेबद्दल तक्रार करणारे पालक मला फार थोडे भेटले. बोच असते ती लहान गोष्टींची. काकाच्या लग्नात काढलेली मेंदी घासून काढायला लावली. बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या. गौरी-गणपतीत चाचणी परीक्षा लावली. काही शाळा दसऱ्याच्या सुट्टीतले दिवस कापून नाताळला देतात, तेव्हा मामाच्या गावी सीमोल्लंघनाला जाणं हुकतं. त्याच शाळेत आधीच्या सिस्टरांच्या काळात मुलांनी मातीच्या पणत्या रंगवून व्हरांड्यात लावल्या होत्या, हेही पालकच सांगतात. म्हणजे पुन्हा तेच. नियम चर्चचा म्हणून आपण राग धरतो, तो पुष्कळदा एका व्यक्तीचा असतो.

इथे दोन गोष्टी पालकांना माहीत असाव्यात. राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार शासनमान्य शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला पालकांच्या संमतीशिवाय मुलाला बसवता येत नाही. आणि भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांसाठी ज्या सूचना जाहीर केल्या, त्यांतच म्हटलं आहे की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर राखावा, रोजच्या परिपाठात घटनेची उद्देशिका वाचावी. परिषदेच्या छत्राखाली देशभरात सुमारे १४,००० शाळा आहेत. मेंदीवरून वाद घालण्याऐवजी या सूचनांची आठवण करून दिली, तर बोलणं सोपं जातं.

शिस्तीबद्दल आपल्याकडे कन्नडमध्ये म्हणतात, ‘‘गिडवागि बग्गद्दु मरवागि बग्गीते?’’ रोप असताना जे वाकलं नाही, ते झाड झाल्यावर वाकेल का? कॉन्व्हेंटची शिस्त आपल्याला हवी असते ती या म्हणीसाठी. पण वाकवणं आणि मोडणं यात फरक आहे. २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलांना मारण्यावर आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी घातली. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी ठरवलं आणि त्या निकालाबद्दल शंका घेऊन सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असं म्हटलं. कायद्याचा कीस वकील काढोत. चारचौघांत मुलाला अपमानित करण्याची मुभा कुठल्याच शाळेला नाही, एवढं आपण सिस्टरांना नम्रपणे आणि ठामपणे सांगू शकतो. २५ टक्के मोफत जागांची तरतूदही याच निकालामुळे या शाळांना लागू झाली नाही, म्हणून गरीब मुलाची फीमाफी इथे सिस्टरांच्या मनावर राहिली.

आणि आपली भाषा?

त्याच दिवशी, ६ मे २०१४ लाच, घटनापीठाने आपल्या राज्याबद्दल आणखी एक निकाल दिला. प्राथमिक शाळेत मातृभाषेचंच माध्यम असावं, ही कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये घातलेली अट खासगी विनाअनुदानित शाळांवर लादता येणार नाही, माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, असं न्यायालय म्हणालं. पुढे २०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं सगळ्या शाळांना सक्तीचं झालं आणि २०१७-१८ पासून ते पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. कन्नड घरातल्या आईला याचा आनंद आहे आणि तो रास्त आहे. पण मराठीचं काय? माध्यम इंग्रजी, पाठोपाठ कन्नड, तिसरी भाषा म्हणून हिंदी. लहान शाळेला तिसऱ्या भाषेचा एकच शिक्षक परवडतो. मराठी कुठंच बसत नाही. कुणी मराठीचा द्वेष केला म्हणून नाही, वेळापत्रकात आणि पगारपत्रकात तिला जागाच उरली नाही म्हणून.

मला याची चुटपुट जास्त लागते, कारण इतिहास वेगळा आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं. इंग्रजी ज्याची मायबोली, तो मराठीचे गोडवे गात होता. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले होते. तेव्हा ‘कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी’ हे समीकरण काही चर्चने जन्मजात आणलेलं नाही.

गोव्यातलं उदाहरण तर आपल्या शेजारचंच. १९९० मध्ये तिथल्या सरकारने मराठी किंवा कोकणीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचं ठरवल्यावर चर्चच्या शाळांनी नागरी लिपीतल्या कोकणीचं माध्यम स्वीकारलं. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान मिळू लागलं तशा त्या शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. ती मागणी कुणी लावून धरली होती? पालकांनी. इथेही तसंच आहे. एक रुपया दंडाबद्दल चिडणारे पालक, दंड बंद केला तर ‘मग इंग्रजी कशी सुधारणार’ म्हणून तक्रार घेऊन जाणारेही आहेत. कधीकधी ती एकच व्यक्ती असते.

माझ्या वर्गात दरवर्षी तीन-चार मुली अशा असतात, ज्या घरी आजीशी मराठी बोलतात, आईशी कन्नड, मैत्रिणींशी इंग्रजी. तिन्ही भाषा जिभेवर अस्खलित. पण आजीने जपून ठेवलेलं आजोबांचं पत्र पुढ्यात ठेवलं, तर वाचता येत नाही. हिंदीमुळे नागरी अक्षरं ओळखीची असतात, तरी मराठी वाक्यावर त्या ठेचकाळतात. हे काम आता शाळेवर टाकून भागणार नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटं घरात मराठी वाचायचं, दहा मिनिटं कन्नड. हे पेपर वाचूनही होतं, लग्नपत्रिका वाचूनही होतं. मराठी शाळेच्या बाईंना रविवारी तासभर बोलावून गल्लीतल्या सात-आठ मुलांना लिहायला शिकवणारं एक घर मला माहीत आहे. खर्च म्हणाल तर चहापोह्यांचा.

मग विचारायचं काय?

‘शाळा कशी आहे?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. त्यापेक्षा पुढचे प्रश्न विचारून पाहा.

सांगणाऱ्याला आधी विचारा, ‘‘तुमचं मूल तिथे कुठल्या वर्षी होतं? तेव्हा मुख्याध्यापिका कोण होत्या?’’ दहा वर्षांपूर्वीची स्तुती आणि दहा वर्षांपूर्वीची निंदा, दोन्ही आज कामाच्या नाहीत. सध्याच्या सिस्टर येऊन किती वर्षं झाली, ते कार्यालयात सरळ विचारावं. बाहेरच्या शिक्षिकांपैकी पाच वर्षांहून अधिक टिकलेल्या किती, हेही. त्या तिघी-चौघी असल्या, तर सिस्टर बदलल्या तरी शाळेचा कणा राहतो.

पहिल्या नंबराच्या मुलाच्या आईला विचारू नका, तिचा अनुभव सगळीकडेच चांगला असतो. मधल्या मुलाच्या आईला विचारा. एकदा तरी जिची तक्रार होती तिला विचारा, की तक्रारीनंतर शाळा तुमच्याशी आणि मुलाशी कशी वागली? शाळेची खरी परीक्षा तिथे होते. मैदानावर मुलं कुठल्या भाषेत भांडतात तेही मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर उभं राहून ऐकावं. खेळतानाही मुलं दबकून इंग्रजी बोलत असतील, तर दंडाचा नियम विचारायचीही गरज नाही.

पालकसभा कुठल्या भाषेत होते, हेही विचारा. इंग्रजीतच होत असेल तर चार पालकांनी मिळून विनंती करावी, की मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्या एखाद्या शिक्षिकेने शेजारी बसून सांगावं. ‘‘मी जाते, सही करते आणि येते,’’ असं सांगणारी आई मला दरवर्षी भेटते. तिच्या मुलाबद्दल जगात सगळ्यात जास्त तिलाच माहीत आहे आणि तीच गप्प बसून येते.

तक्रार कुणाकडे न्यायची तेही आधी माहीत असावं. संघाची शाळा असेल तर व्यवस्थापक सिस्टर आणि त्यांच्यावर संघाच्या वरिष्ठ. धर्मप्रांताची असेल तर फादर आणि त्यांच्यावर बिशप. सरकारी बाजूने गटशिक्षणाधिकारी. पण बहुतेक गोष्टी इतक्या दूर न्याव्या लागत नाहीत. शाळा लहान असण्याचा फायदा हाच, की मुख्याध्यापिकेच्या दारावर टकटक केली की त्याच दार उघडतात.

आणि प्रवेश घेतल्यावर पहिले तीन महिने मुलाकडे लक्ष ठेवा. मार्कांकडे नको, बोलण्याकडे. शाळेतून आलं की दप्तर टाकून ते काही सांगत सुटतं का? मिस अशी म्हणाली, सिस्टर तशी हसली, अमक्याचा डबा सांडला? सांगत असेल तर निर्धास्त असा, मग इंग्रजी थोडी कच्ची राहिली तरी चालेल. बडबडं मूल गप्प होऊ लागलं, तर ‘वर्तनात सुधारणा’ या शेऱ्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जा. मधेच नवीन सिस्टर आल्या, तर हे तीन महिने पुन्हा मोजायला सुरुवात करा.

अशा शाळांत वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाईंची बाजू इथे दोन-चार ओळींतच आली. तुमच्यापैकी कुणी तिथे शिकवत असाल, शिकवलं असेल, तर मराठीत किंवा कन्नडमध्ये, जमेल तसं, या पानाच्या पत्त्यावर लिहा. शाळेचं आणि मुलांचं नाव मात्र घालू नका. पुढच्या खेपेला आपण वर्गाच्या त्या बाजूने, फळ्यापाशी उभं राहून पाहू.